कोपऱ्यातली पितळी घंटा

पलीकडे फोन उचलला गेला आणि ग्रॉन्या घाईघाईने बोलू लागली.

"हॅलो, मी डब्लिनहून बोलतेय. गिल्वरीसाहेब आहेत का?"

"थांब गं पोरी," एक म्हातारी म्हणाली. "नावं वाचतायत."

ग्रॉन्याने घड्याळ पाहिलं आणि तिला चूक कळली. तिच्या मेयो परगण्याच्या रेडिओवर या वेळेला गेलेल्या माणसांची नावं वाचतात. तेव्हा तिकडे कोणी कोणाला फोन करत नाही. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? काकाच्या अंत्यविधीच्या धंद्यात वीस वर्षं तिनेच ती नावं रेडिओला कळवली होती. मग काकाने धंदा विकला, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ती इथे हॉटेलांना बुकिंगचं सॉफ्टवेअर विकायला बसली. आज भीतीपोटी ती वेळ बघायलाच विसरली होती.

प्रोबेशनचा शेवटचा दिवस होता. गिऱ्हाइकाशी भेट ठरली की कोपऱ्यातली पितळी घंटा वाजवायची, असा इथला रिवाज. शेजारच्या पोरांसाठी ती सारखी वाजायची. ग्रॉन्यासाठी एकदाही वाजली नव्हती. आजही वाजली नाही, तर संध्याकाळी नारळ मिळणार होता.

तिचा साहेब कोनल, वयाने तिच्याहून कितीतरी लहान, दुसरा हेडफोन लावून शेजारी उभा होता. "बोल ना!" तो कुजबुजला. "गप्प काय बसलीस? विकतेयस की पुरतेयस?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. फोनमधून, पलीकडच्या रेडिओवर संथ आवाजात पुढचं नाव आलं. "टोमास गिल्वरी, बॅलिना. राहत्या घरी, शांतपणे."

ग्रॉन्यासमोरच्या पडद्यावर तेच नाव होतं.

कोनलनेही ऐकलं. "आता हॉटेल कोण बघणार, ते विचार," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. नावं संपली. पलीकडे रेडिओ बंद झाला.

"फार वाईट झालं हो, बाई," ग्रॉन्या म्हणाली. "खोटं कशाला बोलू, मी फोन विकायला केला होता."

"ते कळलं मला. पण नावं संपेपर्यंत गप्प राहणारी डब्लिनची तू पहिलीच. कोणाची गं तू?"

"डेव्हिटांची. कॅसलबारच्या, अंत्यविधीवाल्या."

"अगं बाई! माझ्या आईला तुम्हीच नेलंत." म्हातारीला हुंदका आला. मग नाक ओढून ती म्हणाली, "आमचा टोमास सगळी बुकिंगं डोक्यात ठेवायचा. ते डोकं आता उद्या मातीत जाणार. मला काहीतरी लागेलच. चर्चमध्ये त्याची महिन्याची प्रार्थना होऊ दे, मग ये. चहा घेऊ आणि बघू."

भेट ठरली! कोनलने हेडफोन फेकला आणि तो कोपऱ्याकडे धावला. टाळ्या वाजवायला पोरं उभी राहिली. ग्रॉन्याच्या कानात म्हातारी अजून सांगत होती, शेवटच्या रात्री टोमासने काय काय मागितलं ते.

ही घंटा आपल्यासाठी कधी वाजणारच नाही, या भीतीने ग्रॉन्याला तीन महिने धड झोप नव्हती. आता ती वाजेल, या भीतीने ती हेडफोनसकट धावली, आणि तिने घंटेचा लोलक मुठीत गच्च धरला.