कसं झालं वं?

डोळ्यांची आण घेऊन सांगते, यातला एक शब्द खोटा असन तर माही जीभ झडो. नागपुरातल्या सक्करदऱ्याचा चंद्रभान मेल्यावर बोलाले लागला. जित्तेपणी घुम्या माणूस. हो-नाहीच्या पुढं गाडी जात नव्हती. अन् मेल्यावर दिवसागणिक भलताच गोड बोलून राहिला होता.

बोलत होता तो बायकोच्या, गोपिकेच्या तोंडून. मयताच्या घरी बसाले आलेला माणूस आधी एकच विचारते, "कसं झालं?" मंग घरच्यांनी सारं पहिल्यापासून सांगा लागते. गोपिका सांगे. सुरुवातीले म्हणे, जेवले, हात धुवाले उठले, तिथंच पडले. झालं. बाया उठून गेल्या. मंग तिनं ॲम्बुलन्स घातली. बाया पदरानं वारा घ्याले लागल्या, तशी तिनं ॲम्बुलन्स काढून टाकली. अन् चंद्रभान बोलाले लागला. जेवता जेवता म्हणे, "अवं, आज भाजी मस्त झाली." मंग म्हणे, "तुह्यासारखी बायको भेटाले नशीब लागते."

"माहावाला तर मेल्यावरही असं बोलणार नाही वं," शेजारची पंचफुला डोळे पुसत म्हणाली.

साऱ्या रडत. गोपिका मात्र कोरडी. कवाडातून निघताना बाया एकमेकींच्या कानाले लागत. "पाह्य नं, एक टिपूस नाही डोळ्यात."

पोरगी हर्षा हे ऐके अन् तिचा जीव चिडे. हर्षा गोष्टी लिहे. दिवाळी अंकांकडे पाठवे, त्या परत येत. एका संपादकानं फोनवर सांगितलं होतं, "ताई, तुम्ही घडलं तसं लिहिता. म्हणूनच ते खरं वाटत नाही." हर्षाले काही ते पटलं नव्हतं. खऱ्याले नटवाले कायले लागते?

अन् खरं काय, ते तिले ठाऊक होतं. आई-बाबाचा अबोला होता. चंद्रभाननं बायकोच्या भावासमोर तिच्या घोरण्याची नक्कल केली होती. भाऊ हसला, भावजय तर लोळून हसली. तवापासून गोपिका नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढे अन् पुढं सरकवे. शेवटचं ताटही तसंच सरकवलं. हर्षा आत पोळ्या लाटत होती. दारातून, कूलरच्या घरघरीपल्याड, तिले दोघंही दिसत होते. मुकाट.

एका दुपारी पाण्याचे ग्लास धुताना तिच्यानं राहवलं नाही. "आई, काहून खोटं सांगून राहिली वं? बाबा काहीच बोलले नव्हते."

गोपिकेनं हातातला ग्लास पालथा घातला. पलटून पाहिलं नाही.

तेवढ्यात रामटेकहून पार्वतीबाई आली. चंद्रभानची मोठी बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मातीले येता नव्हतं आलं. खुर्चीवर बसली, पोटभर रडली, मंग नाक पुसून म्हणाली, "कसं झालं वं, गोपिके?"

गोपिकेनं तोंड उघडलं. "जेवले..." एवढं म्हणाली अन् भिंतीकडे पाहत बसली. कूलर घरघरत राहिला. पार्वतीबाईच्या कपाळाले आठ्या पडल्या.

"काय लपवून राहिले गा तुम्ही लोकं? माह्या भावाचं काय झालं?"

हर्षा ओले हात पुसत पुढं आली. आईच्या तोंडचे शब्द तिनंच काढून घेतले होते. "मी सांगते, आत्या," ती म्हणाली.

तिनं घडलं तसं सांगाले घेतलं. ऊन किती होतं. भाजी कायची होती. ॲम्बुलन्स कोणत्या चौकात अडकली. पार्वतीबाई पिशवीत औषधाची गोळी शोधाले लागली. हर्षानं ते पाहिलं. ॲम्बुलन्स तिथंच चौकात सोडली अन् ती ताटापाशी परत आली. आता बाबाले बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण "भाजी मस्त झाली" हे काही तिच्या तोंडून निघेना. बाबा असं बोलणारेच नव्हते. मंग काय बोलले असते? अबोल्यात जेवाले बसलेला, हट्टी, भुकेला माणूस काय बोलन?

"तो कूलर बंद कर वं आधी," पार्वतीबाई म्हणाली. "ऐकू नाही येत."

मे महिना. नागपूर. भर दुपार. कूलर बंद झाला.

"बाबानं वर पाहिलं नाही," हर्षा म्हणाली. "ताटातच पाहत म्हणाले, 'मीठ दे वं.' आईनं दिलं."

एवढंच. पार्वतीबाईनं तोंडाले पदर लावला. "अस्साच होता," ती म्हणाली. "लहानपणापासून अस्साच." अन् भिंतीशी बसलेल्या गोपिकेनं असा हंबरडा फोडला, का पंचफुला हातातलं कणकीचं भांडं घेऊनच धावत आली.

संध्याकाळी पार्वतीबाईचा डोळा लागला. हर्षा आईजवळ येऊन बसली. "चुकलं माहं, आई. तुले बोलली, अन् मीच खोटं सांगितलं."

गोपिकेनं तिचा हात हातात घेतला.

"आता कोणी आलं, का तूच सांगत जाय," ती म्हणाली. "मले नाही जमत. तुले जमते." मंग आवाज खाली आणला. "अन् मीठ दिलं, असंच सांगजो. मागितलं होतं वं त्यायनं. म्या दिलं नव्हतं."