ढेकणांची पावडर

माझ्या घरात ढेकूण औषधालासुद्धा सापडत नसे. दर शनिवारी मुलांच्या गाद्यांना पांढरी पावडर मी स्वतःच्या हातांनी चोळीत असे. पुढे तिच्यावर बंदी आली आणि डबा फेकून दिला. आज प्रयोगशाळेत काम करणारी माझी गरोदर नात रक्ततपासणीचे दोन कागद घेऊन आली, एक माझा, एक तिचा. “आजी, तुझी ढेकणांची पावडर दोघींच्याही रक्तात आहे.” “काहीतरीच. तू जन्मलीस तेव्हा डबा फेकून पंधरा वर्षं झाली होती.” “डबा गेला गं. पावडर तुझ्या चरबीत राहिली, दुधातून आईत उतरली, आईच्या दुधातून माझ्यात.” “आणि बाळात?” माझा हात ओढून तिने पोटावर ठेवला. तळव्याखाली लाथ बसली. “पणजीला ओळखलं बघ,” ती म्हणाली. घराला धाकात ठेवणाऱ्या मला भीती वाटली, खरेच ओळखले असेल तर?