भृंगराजाची नक्कल

हे गेल्यावर पहिल्यांदाच मी एकटी पक्षी बघायला आले. डोंगरातल्या त्या विश्रामगृहात पहाटे दिवे लावायचे नाहीत, असा आमच्या वाटाड्याचा दंडक होता. मी चाचपडतच कपडे चढवले आणि त्याच्यामागे जंगलात शिरले. बाकीची मंडळी चहासाठी रेंगाळली.

आवाज ऐकवला की पक्षी जवळ येतात, म्हणून ह्यांनी कधीकाळी टिपलेली एक शीळ मी मोबाइलवर लावली. शीळ संपली आणि शेवटी ह्यांचा खोकला ऐकू आला. तेवढा पुसून टाकायला माझा हात धजावला नव्हता.

झाडीतून तोच खोकला परत आला.

"भृंगराज असणार," वाटाड्या कुजबुजला. "नकला करण्यात मोठा बिलंदर, काकू. ऐकलं की हुबेहूब तसंच काढतो."

मी मोबाइल बंद केला. खोकला पुन्हा आला, आता अगदी जवळून. मला हसू आलं आणि डोळेही भरले. सबंध आजारपणात ह्या खोकल्यानं मला झोपू दिलं नव्हतं, आणि आता तो थांबू नये असं वाटत होतं.

"ऐकलेलंच बोलतो ना तो?" मी विचारलं.

"तेवढंच. स्वतःच्या मनाचं काही नाही."

खोकला थांबला. मग पानांआडून ह्यांचा तो नेहमीचा, जरासा वैतागलेला आवाज आला.

"अगं, स्वेटर उलटा घातलायस."

वाटाड्या माझ्याकडे बघत राहिला. आता उजाडलं होतं. मी गळ्याशी हात नेला.

शिवण बाहेर होती.