चिवट मासा

"सोडा की, काय होत नाय त्याला," नंदकिशोर दारात उभा राहून म्हणाला. त्याच्या हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत बोटाएवढा निळा मासा. "आपल्या दीक्षाला गंमत."

सुगतनं पिशवी घेतली. काल समोरच्याच फ्लॅटमध्ये नंदकिशोरच्या जाईचा आठवा वाढदिवस झाला. बाराव्या मजल्यावरची सगळी पोरं गेली. सुगतच्या दीक्षाला बोलावणं नव्हतं. ती नवा फ्रॉक घालून पाचपासून दाराशी बसून होती. बेल वाजली की उठायची. बेल समोरची असायची. आणि आज सकाळी नंदकिशोर हा मासा घेऊन आला.

खारघरच्या या टॉवरमध्ये येऊन त्यांना दोन महिने झाले होते. पहिला आठवडा सगळे गोड होते. मग गृहप्रवेश झाला. भंतेजी आले, त्रिशरण झालं, भिंतीवर फोटो लागले. ज्यांना आडनावावरून कळलं नव्हतं त्यांना भिंतीवरून कळलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. असली माणसं तोंडावर बोलतच नाहीत. लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणतात आणि वर येऊन आपापल्या पोरांना आत बोलावून घेतात.

त्याची बायको राजश्री तेव्हापासून एकच म्हणत होती, जुईनगरला परत जाऊ. तिथली भाड्याची खोली अजून त्यांच्याकडेच होती. सुगतची आई चांगुणाबाई तिथंच राहायची. दीक्षाच्या मैत्रिणी तिथं होत्या. सुगत ऐकत नव्हता. कालही दीक्षा फ्रॉक न काढताच झोपली, तेव्हा तो येरझारा घालत म्हणाला, "कुणीतरी पहिलं असायलाच लागतं. आपण टिकलो तर उद्या आपल्यातला दुसरा येईल. पोरगी चिवट आहे. सोसेल."

राजश्रीनं झोपलेल्या दीक्षाच्या अंगावर चादर ओढली होती.

माशांची टाकी त्यानं दीक्षासाठीच आणली होती. चार फुटी, खाऱ्या पाण्याची. आत वाळू होती, दगड होते, पंप घुरघुरत होता. मासा एकही नव्हता. खारं पाणी भरलं की लगेच मासे सोडता येत नाहीत. आधी त्यात काहीतरी कुजवावं लागतं. सुगतनं एक कोळंबी टाकली होती. ती कुजली की अमोनिया होतो, तो खाणारे जंतू दगडांवर हळूहळू वाढतात, आणि ते पुरेसे झाले की मगच पाणी राहण्याजोगं होतं. तोवर ते विष. सुगत रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा. पिवळा रंग आला की झालं. वीस दिवस हिरवा येत होता. मधल्यामध्ये सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रारही येऊन गेली. एका कोळंबीच्या वासाची. तीही बंद दाराआड, बंद झाकणाखाली.

"पाणी अजून तयार नाही," सुगत म्हणाला. "आजही हिरवंच आलंय."

"म्हणून तर आणला!" नंदकिशोर हसला. "दुकानदारानं सांगितलं ना. हा डॅमसेल. एकदम चिवट जात. आधी ह्याला सोडायचा. हा सगळं विष सोसतो, तोवर पाणी तयार होतं. मग तुमचे ते भारीतले आणा. मेला तर मेला, साठ रुपयांचा तर आहे."

सुगतची कानशिलं तापली.

"त्यानं का सोसायचं?"

"अं?"

"चिवट आहे म्हणून त्यानं विष प्यायचं? नंतर येणाऱ्यांसाठी? कुणी ठरवलं हे? त्याला विचारलं कुणी?"

"अहो सुगतराव, मासा आहे तो. एवढं काय टेन्शन घेता?"

"मासा आहे म्हणूनच. त्याला दार उघडून निघून जाता येत नाही. त्याचे कल्ले जळत राहणार आणि आपण सोफ्यावर बसून बघायचं, टिकतोय का?"

मजल्यावरची दोन दारं किलकिली झाली. नंदकिशोर "बघा बुवा तुमचं" म्हणत आपल्या घरात शिरला. कडी लागली.

सुगतला दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. बोललो. एकदाचं सुनावलं.

दीक्षा उठून आली. अंगात कालचाच फ्रॉक, चुरगळलेला. तिनं पिशवीला नाक लावलं.

"पप्पा, हा टाकीत एकटाच राहणार?"

"नाही बाळा. ह्याला परत देऊन येतो." पिशवीवर जुईनगरच्या दुकानाचा स्टिकर होता. टाकीही सुगतनं तिथूनच घेतली होती. "आपलं पाणी अजून वाईट आहे. वाईट पाण्यात कुणाला सोडायचं नसतं. कितीही चिवट असला तरी."

त्यानं हेल्मेट घेतलं. चावी सापडेना. टीव्हीखाली बघितलं, चपलांच्या रॅकवर बघितलं, खिसे उलटे केले. पिशवीतला मासा गोल गोल फिरत होता.

राजश्री एवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात गाडीची चावी होती, दुसऱ्या हातात दीक्षाचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी. तिनं सगळं माशाशेजारी ठेवलं.

"जुईनगरला निघालाच आहात ना?" ती म्हणाली. "मग हिलापण न्या. हिलापण चिवट म्हणूनच सोडलंत तुमी."