घरातली माणसं किती?

“घरातली माणसं किती?” बाबांनी फोनवरचा प्रश्न मोठ्याने वाचला आणि उत्तरही स्वतःच दिलं, “चार. मला धरून.”

लेक ओट्याशी भाजी चिरत होती. बजेट जाहीर होऊन दोन दिवस झाले होते. तिच्या वर्तमानपत्राने वाचकांसाठी एक गणकयंत्र काढलं होतं. उत्पन्न, भाडं, औषधं, घरातली माणसं भरायची, की नव्या करांनी घराला महिन्याकाठी किती फटका बसणार ते कळायचं. ते बनवलं होतं तिनेच. सकाळी तिने ते बाबांच्या फोनवर पाठवून दिलं होतं, नाहीतर त्यांनी दिवसभर तिचं डोकं खाल्लं असतं.

बाबा त्याच वर्तमानपत्रात चाळीस वर्षं मुद्रितं तपासायचे. छापखान्यात त्यांना सगळे ‘काना-मात्रा’च म्हणत. डॉक्टर, दूधवाला, जावई, कुणाच्याही शब्दावर ते शंका काढत. वर्तमानपत्रावर मात्र कधीच नाही. छापून आलं म्हणजे तीन जणांच्या नजरेखालून गेलं, हा त्यांचा वेदच.

“अगं, ‘निवृत्तिवेतन’ चुकलंय. ‘त्ति’ दीर्घ पडलीय.”

“घाईत राहिलं असेल.”

“घाई कसली? तिघांनी पाहिलं ना?”

“हो, बाबा.”

मग ते एकेक रकाना भरत गेले. बोलले तेव्हा आवाज बसलेला होता.

“महिन्याला चार हजार दोनशेचा फटका. आणि चाराचे तीन केले तर उलट नऊशेचा फायदा. ज्येष्ठ माणूस घरात असला की सवलत जाते म्हणे.”

“बंद करा ते. आकड्यांचं काय घेऊन बसलात!”

“आकडे तुझेच आहेत, बाळ.”

तिने सुरी खाली ठेवली. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, बाबा या दोन खोल्यांत होते. बाहेरची खोली त्यांची झाल्यावर नात स्वयंपाकघरात, फोडणीच्या धुरात अभ्यास करू लागली. बाबांनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. तिसऱ्यांदा शेजारणीचा फोन आला आणि लेक ऑफिसातून धावत, अर्धी चप्पल पायात अर्धी बाहेर, अशी घरी आली. जावई भला माणूस, एक अवाक्षर काढायचा नाही. पण अलीकडे तो घरी येतानाच दमलेला असायचा. लेकीचा जीव सारखा टांगणीला लागलेला असे. बाबांवर तिची माया होती, आणि ती मेटाकुटीला आली होती. दोन्ही खरं होतं.

जेवताना जावई म्हणाला, “बाबा, शेजारच्यांच्या घरीही आजी आहेत की. त्यांना तर दोन-अडीचशेचाच फटका दाखवतंय.”

“त्यांचं घर स्वतःचं, आपलं भाड्याचं,” बाबांनी लगेच समजावलं. “त्याने फरक पडत असणार. काय गं, पडतो ना?”

“पडतो,” ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

निवृत्त कामगारांसाठी एक निवास होता, शहराच्या टोकाला. तिथे पेन्शनवर भागत होतं. बाबांनी तिथे स्वतःच फोन केला. लेक आठवडाभर हेच म्हणत राहिली, “राहा हो, बाबा. होईल काहीतरी.”

“तू लेक म्हणून सांगतेस. लेकीचं काय ऐकायचं? तिला मायेपोटी खोटं बोलावं लागतं. वर्तमानपत्राला लागत नाही.”

निघायच्या दिवशी तिने त्यांचे सदरे घड्या घालून पिशवीत भरले. चौथ्या सदऱ्याला तिला हुंदका आवरेना. ती पलंगावर बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

“वेडी की काय!” बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू थोडीच मला जा म्हणालीस? जावईबापूंनीही नाही. दुसऱ्या घरांत काय काय ऐकून घेतात म्हातारे! माझं नशीब चांगलं. दोष असला तर त्या बजेटचा.”

निवासातली खोली तिघांची होती. बाबांची खाट दाराकडची. त्यांनी पिशवी खाटेखाली सरकवली आणि व्यवस्थापकाला पहिला प्रश्न विचारला तो वर्तमानपत्र किती वाजता येतं हा. मग लेकीला म्हणाले, “तुझं नाव आलं की मी दोनदा वाचतो. जा आता, उशीर होईल.”

ती थेट ऑफिसात गेली. संपादक खुशीत होते.

“दोन लाख लोकांनी वापरलं आणि एक तक्रार नाही! आपल्या शब्दावर लोक घरं चालवतात, बाई. हा विश्वास आयुष्यभर पुरतो.”

“हो, सर,” ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले पाहून त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. ती म्हणाली, एक काम उरकते आणि जाते.

तिने संगणक उघडला. गणकयंत्राची पानं दोन होती. पहिलं दोन लाख लोकांचं. दुसरं तिने बजेट जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी बनवलं होतं, फटक्याच्या आकड्यासकट, आणि त्याला वाचक एकच होता.