अख्खं देऊळ

"आता हाताचा फोटो लावता काय भाऊ तेरवीले?" शालिकरामनं विचारलं.

महाल पेठेतल्या त्याच्या फोटो स्टुडिओत टेबलावर नेपाळचे सारे फोटो पसरले होते. त्यानं भिंग श्रीधरच्या हातात देल्लं. श्रीधरनं पाह्यलं. भक्तपूरचा चौक. पार कोपऱ्यात छत्रीचा दांडा, अन् तो धरलेलं एक मनगट. मनगटात दोन बांगड्या. हे ताराचं मनगट. बाकी तारा कुठंच नव्हती.

उद्या तिची तेरवी होती. साध्या तापाचं निमित्त झालं अन् श्रीधरची बायको गेली. लेकरूबाळ नव्हतं. तो रडला नाही. लोक बसाले येत, तर हा त्याहिले विचारी, "पंखा लावू काय?" जसं कोणी दुसऱ्याच्याच घरचं मेलं.

रामटेकहून तिचा बाप येणार होता, चंपतराव. म्हाताऱ्याले तार उशिरा भेटली. तो घाटावर पोहचला तवा चिता पेटून गेली होती. "पोरीचं तोंड नाही दिसलं," एवढंच बोलला अन् वापस गेला. उद्या पाटावर तिचा फोटो पाहिजेच होता. त्याच्यासाठी तरी.

घरात एक लग्नातला फोटो होता. त्यात नवरीची मान खाली, अन् तोंडावर बाशिंगाची झालर. हनवटी तेवढी दिसे.

अन् श्रीधरजवळ कॅमेरा होता, हीच तर गंमत. दोन वर्षं झाले, यात्रा कंपनीच्या बसनं नवरा-बायको नेपाळले जाऊन आले होते. काय फोटो आणले होते गड्यानं! मागं बर्फाचे पहाड, पुढं पाच मजली देऊळ, खिडकीवरची नक्षी अशी का बोट लावलं तर टोचन. हापिसातले लोक म्हणत, "सोपं नाही गा हे. एवढ्या गर्दीच्या जागी, अन् फोटोत एक माणूस नाही!" शालिकरामनं देवळाचा एक मोठा करून दुकानाच्या काचेत लावला होता. गिऱ्हाईक आधी त्याले हात जोडे, मंग आपला फोटो काढाले बसे.

स्टुलावर यमुताई बसली होती, श्रीधरची मोठी बहीण. तिनं एकएक फोटो उलटून पाह्यला.

"तारा गेली नव्हती काय रे तुझ्यासंग?"

"होती ना."

"मंग काय तिकडंही भाकरी थापत होती?"

"बॅग तिच्याजवळ होती," श्रीधर म्हणाला.

शालिकरामले दया आली. "तुम्ही घाबरू नका भाऊ. असं काम माह्याजवळ नेहमी येते. एका बाईची निगेटिव्ह हाये, बांधा ताराबाईसारखाच. त्याच्यावर ब्रशनं नाक-डोळे सुधरवून देतो. कुंकू भरतो. कोणाच्या बापाले समजत नाही."

"बापालेच समजन," यमुताई म्हणाली.

शालिकरामनं तरी पेन्सिल घेतली. "सांगा. नाक कसं होतं? अन् गालावर तीळ होता ना एक? कोणत्या गालावर?"

श्रीधरनं तोंड उघडलं. त्याले देवळाच्या पायऱ्यांवरचे दगडी पहिलवान दिसले. त्यांच्या मिशा दिसल्या. दगडी हत्तीच्या गळ्यातली घंटी दिसली. तीळ दिसला नाही. त्यानं यमुताईकडं पाह्यलं.

"मले काय पाहून राहिला? नवरा कोण होता तिचा?"

श्रीधर उगाच आपल्याच गालावर हात फिरवत बसला. आधी हा, मंग तो.

"राहू द्या," तो म्हणाला. "तो काचेतला काढून द्या."

दुसऱ्या दिवशी पाटावर देवळाचा फोटो, भिंतीले टेकून. त्याले हार, पुढं समई. लोक आले, हात जोडून पंगतीले बसले. एका म्हातारीनं यमुताईले विचारलं, "कोणता देव वं हा?" यमुताई वरण वाढाले पुढं निघून गेली.

चंपतराव दुपारच्या एसटीनं आला. पायावर पाणी घेतलं अन् सरळ पाटासमोर बसला. एक फूल त्यानं रामटेकहूनच आणलं होतं, धोतराच्या सोग्यात गुंडाळून. चष्मा पुसला. फोटोजवळ तोंड नेऊन पाहू लागला. खालून वर, मजल्यावर मजला, एकएक खिडकी. पोरगी कुठून तरी डोकावन म्हणून.

"जवाईबुवा," तो म्हणाला, "मले कमी दिसते. तारा कुठं हाये याच्यात?"

श्रीधर जागचा उठला. बोट त्यानं देवळावर ठेवलं. तिथून उजवीकडं नेलं, पहाडावरून, फ्रेमच्या लाकडावरून, आणखी पुढं. कोऱ्या भिंतीवर टेकवलं.

"इथं," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, बाजूले हो, अख्खं देऊळ येऊ दे."

म्हाताऱ्यानं त्या बोटाकडं पाह्यलं. मंग हातातलं फूल त्यानं फोटोले नाही वाह्यलं. त्या भिंतीखाली ठेवलं.

"मुकाट्यानं बाजूले झाली असन," तो म्हणाला. "मीच शिकवलं होतं तिले."