किल्ली कुणाकडे

"हा अहवाल तुमचाच ना, लिगाया?" पुनर्वसन अधिकाऱ्याने कागद वर धरला. "नाल्याकाठची दोनशे घरं. तुम्ही विचारलंत, अडीअडचणीला मदत कोण करतं? दोनशे घरांचं उत्तर एकच, कोणी नाही. मग चिठ्ठ्या टाकून ही घरं चार गावांत वाटली तर बिघडलं काय?"

मनिलाच्या त्या सभागृहात बाकांवर दाटून बसलेल्या वस्तीने माना खाली घातल्या.

लिगाया त्याच नाल्याकाठी वाढलेली. विद्यापीठात ती गुंत्यांचं शास्त्र शिकत होती : मुंग्यांची रांग, माशांचा थवा, माणसांचं शहर, एक हलला की दुसरा का हलतो.

"प्रश्न चुकला माझा, सर. शेजारणीने पोर सांभाळलं, तर आमच्यात त्याला मदत म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"काहीच नाही," मागून तिची आई दोराय म्हणाली. "त्याला नाव कशाला लागतंय?"

बाकांवर हसू सांडलं.

"म्हणून मी पुन्हा दारोदार गेले," लिगाया म्हणाली. "या खेपेला विचारलं, बाहेर जाताना घराची किल्ली कुणाकडे ठेवता?"

पडद्यावर दोनशे ठिपके उजळले. ठिपक्याठिपक्यातून रेघा धावल्या, चटईची वीण भरत जावी तशा.

"यातलं कुठलंही एक घर काढून बघा."

अधिकाऱ्याने यादीवरून बोट फिरवलं. जे नसलं तरी कुणाचंच अडणार नाही असं घर त्याने शोधून काढलं. "एकशे सतरा. दोरोतेया मानालास्तास. काम : काही नाही. ही काढा."

लिगायाने वळून आईकडे पाहिलं. यादीतली दोरोतेया म्हणजे दोरायच.

"काढ गं," दोराय म्हणाली. "साहेब सांगतायत ना."

लिगायाने तो ठिपका पुसला. क्षणभर काही झालं नाही. मग आजूबाजूचे अकरा ठिपके विझले.

"नानायकडे, माझ्या आईकडे, अकरा किल्ल्या असतात. शाळा सुटली की त्या घरांची पोरं तिच्या दारात पेज खातात. ती नसली तर त्यांच्या आयांची संध्याकाळची कामाची पाळी बुडते."

अकरा बायका उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यांतली रोसिंग इस्पितळात झाडते. जाताना वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांना डायलिसिसला सोबत नेते."

चार म्हातारे उठले. काठ्या वाजल्या.

ठिपके विझत गेले. एकामागून एक, कधी तीन, कधी नऊ. पडदा काळोखत गेला आणि सभागृहात माणसं उभी राहत गेली. शेवटी बसलेला एकटा अधिकारी उरला. मग तोही उठला.

"चिठ्ठ्या नकोत," तो म्हणाला. "सगळ्यांना एका जागी नेता येईल तेव्हाच हलवावं, असा शेरा मारतो." त्याने पेनाचं टोपण काढलं. "ही आकृती कुणी केली म्हणून लिहू? तुमचंच नाव ना?"

लिगायाने नुसता बाकांकडे हात केला.

दोराय झग्याचा खांदा सावरत पुढे आली. तिच्यामागे रोसिंग, रोसिंगमागे म्हातारे; रांग दारातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून रस्त्यावर गेली. कुणी कुणाला ढकललं नाही.

"तुम्ही बसा, सर," दोराय म्हणाली. "आम्ही उभे राहतो. दोनशे नावं आहेत."